आठ मुली, एकोणीस मुली: फिजीतल्या नांद्रोंगाचं प्रकरण

तरुण मुलींच्या शरीरप्रतिमेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘फिजीत टीव्ही आला आणि तिथल्या मुली उपाशी राहायला लागल्या.’ वर्गात, कार्यशाळेत, वर्तमानपत्राच्या पुरवणीत हे प्रकरण असंच एका ओळीत उरकतात. मूळ अभ्यास त्या ओळीपेक्षा पुष्कळ सावध आहे आणि उपयोगाचाही जास्त. स्वतःच्या शरीराकडे बघण्याची एका वंशगटातल्या मुलींची नजर तीन वर्षांत कशी सरकली, ती मोजली कशी, आणि मोजताना कुठे कुठे फसायला होतं, हे सगळं त्यात एकाच ठिकाणी बघायला मिळतं.

जागा आणि माणसं

नांद्रोंगा हा फिजीच्या विती लेवू या मुख्य बेटाच्या नैऋत्येकडचा प्रांत. सिंगातोका हे तिथलं मोठं गाव. किनाऱ्याला पर्यटकांची हॉटेलं, आत भाजीपाला आणि ऊस. फिजीत दोन मोठे समाज शेजारी शेजारी राहतात. एक मूळ फिजी लोक; दुसरे भारतीय वंशाचे, म्हणजे १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, नेलेल्या सुमारे साठ हजार मजुरांची आणि नंतर स्वतःहून गेलेल्यांची पिढी. १९९० च्या दशकात मूळ फिजी निम्म्याहून किंचित जास्त होते आणि भारतीय वंशाचे चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास. नांद्रोंगाचा अभ्यास फक्त मूळ फिजी मुलींचा आहे. ‘फिजीतल्या मुली’ म्हणताना पहिली गफलत इथेच होते: उसाच्या पट्ट्यातल्या भारतीय वंशाच्या मुली त्यात एकही नाहीत.

हा अभ्यास करणाऱ्या हार्वर्डच्या अ‍ॅन बेकर या मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञही. १९८० च्या दशकापासून त्या या भागात काम करत होत्या. टीव्ही येण्याआधीची स्थिती त्यांना पाहुणी म्हणून नव्हे, गावात राहून माहीत होती. या प्रकरणाचं निम्मं बळ त्या आधीच्या नोंदींत आहे.

त्या नोंदी सांगतात की नांद्रोंगात भरलेलं, दणकट अंग चांगलं मानलं जाई. पोटऱ्या मजबूत असणं कौतुकाचं, कारण त्या कामाच्या. जेवताना दाराजवळून जाणाऱ्याला हाक मारून बोलवायचं, भरपूर वाढायचं, खा म्हणून मागे लागायचं हा रोजचा शिष्टाचार. कुणी बारीक झालं की गावभर चर्चा, आणि चर्चेचा रोख त्या व्यक्तीपेक्षा तिच्या घरच्यांवर: हिच्याकडे कुणी बघत नाही का? मुलीची भूक मंदावली की ‘माधाके’ नावाचा आजार झाला असं समजून आया काळजीत पडत आणि झाडपाल्याचा काढा देत.

पण म्हणून ‘त्यांना जाड बायका आवडतात’ असा निष्कर्ष काढला तर तो उथळ ठरेल. बेकर यांचा मुद्दा वेगळा होता. तिथल्या बायका एखाद्या बांध्याचं कौतुक करत, दुसऱ्याला नावंही ठेवत. मात्र तसा बांधा आपण कमवावा असं त्यांच्या मनात येत नसे. शरीर ही स्वतः घडवायची वस्तू नव्हती. ते कुणी जोपासलं, कुणी खाऊ घातलं, त्या घरादाराच्या मायेचा तो हिशेब होता. आपलं वजन हे आपलं कर्तृत्व किंवा आपली चूक आहे ही कल्पनाच नसेल, तर जास्त वजनाची लाजही वाटत नाही. खाण्याच्या विकारांपासून तिथल्या मुलींना वाचवणारी गोष्ट ही होती. सौंदर्याची आवडनिवड त्या मानाने दुय्यम.

काय केलं

१९९५ मध्ये नांद्रोंगात टीव्हीचं प्रक्षेपण पोचलं. वाहिनी एकच, कार्यक्रम बहुतेक अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडचे. प्रक्षेपण सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच दोन माध्यमिक शाळांतल्या वरच्या वर्गांतल्या ६३ मूळ फिजी मुलींची पाहणी झाली. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच शाळांतल्या त्याच वर्गांतल्या ६५ मुलींची. सरासरी वय दोन्ही वेळी सतराच्या आसपास. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोन्ही गटांत जवळपास सारखा. शरीरं तीच, मग नजर बदलली का, हा प्रश्न विचारता येतो तो या सारखेपणामुळेच.

साधन होतं ईएटी-२६ ही प्रश्नावली, खाण्याबद्दलच्या सवयी आणि विचार तपासणारी. १९८२ पासून जगभर वापरात आहे, मराठी मुलखातले मानसशास्त्राचे विद्यार्थीही ती वापरतात. तिचा हिशेब नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे बरेच घोटाळे तिथे होतात. प्रश्न सव्वीस. प्रत्येकाला सहा पर्याय, ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत. नेहमीला ३ गुण, बहुतेक वेळा २, बऱ्याचदा १. खालच्या तिन्ही पर्यायांना शून्य. एकच प्रश्न उलटा मोजायचा: नवे तुपकट-गोडाचे पदार्थ चाखायला आवडतात का, हा. तिथे ‘कधीच नाही’ला ३. हा उलटा प्रश्न सुलटा मोजला जाणं ही प्रबंधांतली नेहमीची चूक, आणि गुणतक्ता बघून ती ध्यानातही येत नाही. एकूण गुण जास्तीत जास्त ७८. वीसच्या वर गेले की ‘पुढे बोलून बघायला हवं’ एवढाच अर्थ. आजाराचं निदान त्यातून होत नाही.

प्रश्नावली इंग्रजीत होती, कारण शिक्षणाची भाषा ती. त्यासोबत वजनासाठी केलेल्या उलट्या, जुलाब, डाएट यांबद्दल वेगळे प्रश्न, आणि काही मुलींशी सविस्तर मुलाखती. १९९८ मध्ये अशा ३० मुलाखती झाल्या.

आकडे आणि त्यांचं वजन

१९९५ मध्ये वीसच्या वर गुण मिळालेल्या मुली १२.७ टक्के, १९९८ मध्ये २९.२ टक्के. टक्केवारी मोठी वाटते; मुली मोजल्या तर त्रेसष्टांत आठ आणि पासष्टांत एकोणीस. एवढ्या लहान गटात दोन-तीन मुली इकडच्या तिकडे झाल्या तरी चित्र हलतं. आम्ही हिशेब करून पाहिला: दुसऱ्या खेपेला तीन मुलींचे गुण विसाच्या खाली असते, तर हा फरक संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर टिकला नसता. म्हणून या एका जोडीवर सगळा इमला उभारू नये.

दुसरा आकडा जास्त भक्कम आहे. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली १९९५ मध्ये एकही नव्हत्या. १९९८ मध्ये या प्रश्नाला उत्तर दिलेल्यांपैकी ११.३ टक्के, म्हणजे सात. शून्यावरून सातावर जाणं योगायोगाने सहसा घडत नाही. शिवाय ही ‘कधी कधी वाटतं’ या जातीची भावना नव्हे. अमुक एक कृती केली की नाही, एवढाच प्रश्न आहे. १९९८ मध्ये ७४ टक्के मुलींनी आपण कधी ना कधी फार जाड वाटतो असं सांगितलं आणि ६९ टक्क्यांनी कधीतरी डाएट केल्याचं. जिथे वजन उतरणं हीच काळजीची बाब होती, त्या गावांतल्या या मुली.

घरात टीव्ही असलेल्या मुलींचं प्रमाण या काळात ४१ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांच्या आसपास गेलं. आणि घरी टीव्ही असलेल्या मुलींना वीसच्या वर गुण मिळण्याची शक्यता तिपटीहून अधिक दिसली.

आता ते प्रसिद्ध वाक्य परत वाचा. ‘मुली उपाशी राहायला लागल्या’ असं अभ्यासात कुठेही नाही. वाढ दिसली ती गुणांत, डाएटमध्ये आणि उलटीच्या सवयीत. जीव धोक्यात येईपर्यंत उपाशी राहण्याचा आजार, अ‍ॅनोरेक्सिया, या मुलींत सापडलेला नाही. दोन्ही खेपांच्या मुली वेगळ्या, त्यामुळे ‘मुली बदलल्या’ असंही म्हणता येत नाही. एका वयाच्या मुलींची एक तुकडी दुसऱ्या तुकडीपेक्षा वेगळी निघाली, इतकंच. टीव्ही न पोचलेल्या गावातला तुलनेचा गट नव्हता. त्याच तीन वर्षांत रोख पैसा, हॉटेलातल्या नोकऱ्या, शाळा, शहराकडची ये-जा हेही बदलत होतं. टीव्ही हा त्या बदलांतला सर्वांत उठून दिसणारा भाग, आणि ज्या घरात टीव्ही आला त्या घरात बाकीचंही काही आलंच असणार. १९९९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा मथळे लिहिणाऱ्यांना इतकं थांबायला सवड नव्हती.

मुली काय म्हणाल्या

आकड्यांपेक्षा मुलाखतींतून जास्त कळतं. तीनचतुर्थांशाहून अधिक मुलींनी टीव्हीचा आपल्या शरीराबद्दलच्या विचारावर परिणाम झाल्याचं स्वतः सांगितलं. पण त्यांचं बोलणं रूपावर थांबत नव्हतं. बऱ्याच जणींनी बारीक होण्याचा संबंध थेट कामाशी जोडला: चपळ होता येईल, घरकाम उरकेल, नोकरी लागेल, हवाई सुंदरी होता येईल. मालिकांतल्या बायका त्यांना सुंदर वाटत होत्या, त्याहून जास्त त्या कमावत्या, स्वतःच्या पायावर उभ्या वाटत होत्या. पडद्यावर पैसा, नोकरी, मोकळीक आणि सडपातळ अंग हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून आलं होतं. त्यातलं हाती लागण्याजोगं काय, तर अंग. नोकरी मिळवणं आपल्या हातात नाही, जेवण सोडणं आहे.

‘पाश्चात्य फॅशनचं वेड’ म्हणून या मुलींना झटकून टाकणारे वाचक इथेच चुकतात. मुली भाबडेपणाने नक्कल करत नव्हत्या. पर्यटनाच्या किनाऱ्यावर कुणाला घेतात, कुणाला आतल्या कामावर ठेवतात, हे त्या रोज बघत होत्या. त्यांचा अंदाज सपशेल चुकीचा होता असं छातीठोकपणे कोण म्हणेल? म्हणून ‘टीव्हीवरचं खरं नसतं’ हे एवढंच शिकवणारे वर्ग अशा मुलींच्या प्रश्नाला हातच घालत नाहीत. ‘वजन न घटवता ही नोकरी मिळते का?’ हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर नोकरी देणाऱ्यांकडे आहे.

आणखी एक ताण लक्षात घ्यावा. आई अजून जुन्याच रीतीने वाढत होती. मुलगी ताट पुढे सारते, आईला वाटतं भूक मेली, काढा करते. दोघींच्या डोक्यात ‘तब्येत’ या गोष्टीचं मोजमाप वेगवेगळं. मुलीने जेवण नाकारणं हे आईच्या मायेलाच नाकारणं ठरतं. त्यामुळे लपवाछपवी सुरू होते. समोर जेवायचं आणि मागे उलटी काढायची. ताटावर सगळ्यांची नजर असलेल्या घरात उपास करण्यापेक्षा उलटी सोपी. नांद्रोंगात वाढ उलटीत का दिसली याचं हे आमच्या मते सर्वांत पटणारं स्पष्टीकरण आहे. अर्थात अभ्यासाने ते सिद्ध केलेलं नाही.

प्रश्नावली कुठे घसरते

ईएटी-२६ मधली ही तीन विधानं पाहा, आमच्या शब्दांत: मी जास्त खावं असं इतरांना वाटतं, खा म्हणून लोक माझ्या मागे लागतात, मी फार बारीक आहे असं लोक समजतात. ज्या समाजासाठी ही प्रश्नावली बनली तिथे यांना ‘नेहमी’ असं उत्तर आलं तर काहीतरी बिनसलंय. नांद्रोंगात याचा अर्थ घरात माणसं प्रेमळ आहेत, एवढाच. तिन्हींना ‘नेहमी’ म्हटलं की नऊ गुण, म्हणजे विसाच्या जवळपास निम्मे, नुसत्या पाहुणचाराचे.

मग १९९८ ची वाढही अशीच फसवी का? नाही. आग्रह १९९५ मध्येही तेवढाच होता. त्यामुळे फुगलेले गुण दोन्ही खेपांत सारखेच फुगलेले असणार आणि मधला फरक त्यातून येणार नाही. एकाच समाजात दोन वेळा मोजलं तर असा दोष बराचसा फिटतो. मात्र दोन वंशगटांची तुलना करताना तो आडवा येतो: मूळ फिजी मुलगी आणि ऑस्ट्रेलियातली गोरी मुलगी यांचे एकूण गुण शेजारी ठेवले तर आपण आजार मोजला की आदरातिथ्य, हे सांगता येत नाही. अशा वेळी एकूण गुणांऐवजी प्रश्नागणिक उत्तरं ताडून बघावीत आणि ही तीन विधानं वगळूनही एकदा हिशेब मांडावा.

उलट दिशेची चूकही होते. प्रश्नावल्या उलटी आणि दुकानात मिळणाऱ्या जुलाबाच्या गोळ्या विचारतात. फिजीत पोट साफ करणारे झाडपाल्याचे काढे परंपरेने घेतले जातात. २००७ मध्ये बेकर यांच्या गटाने १५ ते २० वयाच्या ५२३ मूळ फिजी मुलींची मोठी पाहणी केली, तेव्हा हे काढे वजनासाठी घेतले जातात का असं मुद्दाम विचारलं. काढ्यांचा असा वापर करणाऱ्या मुलींचा वेगळा गट दिसला, आणि त्यांच्या मनावरचा ताण किरकोळ नव्हता. तयार प्रश्नावलीवर विसंबले असते तर त्या ‘निरोगी’ ठरल्या असत्या.

त्याच पाहणीतून २०११ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. मुलगी स्वतः किती टीव्ही बघते यापेक्षा तिच्या मैत्रिणींच्या गोतावळ्यात तो किती बघितला जातो, याचा तिच्या खाण्याच्या त्रासाशी जास्त संबंध दिसला. घरात टीव्ही नसला तरी मैत्रिणीच्या तोंडून तो पोचतो. ‘आमच्या मुलीला आम्ही मोबाइलच देत नाही’ म्हणून निश्चिंत असणाऱ्या पालकांसाठी ही बातमी फारशी चांगली नाही.

त्याच बेटावरचे दुसरे लोक

इथवर शरीराकडे बघण्याच्या नजरेबद्दल झालं. आरोग्याची गोष्ट निराळी आहे, आणि फिजीत ती डोळ्यांत भरते. १९८० च्या मधुमेह पाहणीत खेड्यातल्या मूळ फिजी प्रौढांत मधुमेह सुमारे एक टक्का होता. भारतीय वंशाच्या लोकांत, खेड्यातही आणि शहरातही, दहात एकाहून अधिक. हवा तीच, बेट तेच. शहरात आलेल्या मूळ फिजी स्त्रियांत मात्र तो कित्येक पटींनी वाढलेला होता. म्हणजे ‘दणकट अंग’ शेतीच्या कामासोबत आणि कंदमुळांच्या जेवणासोबत निभावून गेलं. बसून काम आणि डबाबंद खाणं आलं तसं ते महाग पडू लागलं. आज मूळ फिजी मुलींसमोर दोन्ही धोके एकत्र उभे आहेत, खरा लठ्ठपणा आणि तो घालवण्याचे घातक उपाय. एकाविरुद्ध बेतलेली मोहीम दुसऱ्याला खतपाणी घालू शकते. ‘जाडी वाईट’ एवढंच सांगणारं पोस्टर नांद्रोंगाच्या शाळेत लावलं तर ते मालिकांचंच काम पुढे नेईल.

दोन समाजांत हा फरक का, याचा एक धागा पुण्यात येतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं अभ्यासली. पूर्ण दिवसांच्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचं ३.५ किलो. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. वरून काडी, आतून चरबी. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२.

म्हणून एकच पट्टी सगळ्यांना चालत नाही. न्यूझीलंडमध्ये झालेल्या तुलनेत युरोपीय वंशाच्या स्त्रीचा ३० बीएमआय म्हणजे जेवढी चरबी, तेवढी भारतीय वंशाच्या स्त्रीत २६ च्या आसपास आणि पॅसिफिक बेटांवरच्या स्त्रीत ३४ च्या आसपास दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे जास्तीचे टप्पे सुचवले. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा असं ठरवलं. एकच उदाहरण: उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५८ किलो, बीएमआय सुमारे २४.१. नेहमीच्या पट्टीवर ही मुलगी ‘ठीक’, भारतीय पट्टीवर ‘जास्त वजन’, आणि ती मूळ फिजी असेल तर तिच्या वजनाबद्दल बोलायचं कारणच नाही. यातलं कोणतं वाक्य तिला ऐकवायचं हे वंश बघितल्याशिवाय ठरत नाही. पण हा कमी आकडा सतरा वर्षांच्या भारतीय मुलीला नुसता तोंडावर फेकला, तर नांद्रोंगातल्या एकोणीस मुलींत आणखी एकीची भर पडायची.

हे काम इथे करायचं झालं तर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे २१ टक्के स्त्रियांचा बीएमआय १८.५ च्या खाली होता आणि सुमारे २३ टक्क्यांचा २५ किंवा त्याहून जास्त. एका वसतिगृहाच्या एका मजल्यावर दोन्ही टोकं राहतात. तिथे पाहणी करणाऱ्यांसाठी नांद्रोंगातून पुढचे धडे सरळ निघतात.

आग्रहाची तीन विधानं आपल्याकडेही तशीच फसतात. पंगतीत नको म्हटलं तरी पानात पडतंच. त्यात भर उपवासाची. ‘भूक लागली असताना खाणं टाळते’, ‘भात-पाव-बटाटा टाळते’, ‘पोट रिकामं असलेलं बरं वाटतं’ यांना सोमवार आणि चतुर्थी करणारी मुलगी प्रामाणिकपणे होकार देईल, आजार नसताना. म्हणून सुरुवातीलाच सांगावं: उपवासाचे दिवस सोडून उत्तर द्या. आणि शेवटी वेगळं विचारावं: गेल्या सहा महिन्यांत उपवास वाढवले का, कोणते, आणि उपवासाच्या दिवशी काय खाल्लं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असेल तर काळजी नाही. अचानक आठवड्याला तीन उपवास आणि साबुदाण्यालाही हात नाही, असं दिसलं तर तिच्याशी बोलावं. घरच्यांच्या देखत जेवण सोडायला उपवासाइतकी सोयीची सबब दुसरी नाही. काढ्यांसारखंच इथे पोट साफ करणारी चूर्णं, एरंडेल, ‘डिटॉक्स’ चहा यांची नावं घेऊन विचारावं. ‘रेचक घेता का’ या प्रश्नाला मुली नाही म्हणतात, कारण चूर्ण त्यांच्या लेखी औषध नसतंच. मात्र उलटी कशी काढतात याचे तपशील प्रश्नात लिहू नयेत. ज्यांना माहीत नाही त्यांना ते शिकवल्यासारखं होतं.

मोजमाप एकेकीचं, पडद्याआड, बाई कर्मचाऱ्याकडून. काट्याकडे पाठ करून उभं करावं आणि आकडा मोठ्याने वाचू नये. चपला काढून उंची. कंबर मोजताना टेप नाडीच्या जागी नको. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर, साधा श्वास सोडल्यावर, कातडी न दाबता. दोनदा मोजून सरासरी. भारतीय स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा, आणि बारीक दिसणाऱ्या मुलींत बीएमआयपेक्षा ती जास्त सांगून जाते. बारीक ते जाड अशा नऊ आकृत्यांची चित्रपट्टी वापरणार असाल तर ‘आत्ताची मी’ आणि ‘हवी ती मी’ यांसोबत ‘आईला आवडेल ती’ आणि ‘नोकरी देणाऱ्याला आवडेल ती’ अशाही दोन खुणा करून घ्याव्यात. या चार खुणांमधली अंतरं एकूण गुणांपेक्षा बोलकी निघतात.

गुण वीसच्या वर गेले म्हणून मुलीला ‘तुला विकार आहे’ असं सांगायचं नाही. एक तास बसून बोलायचं. गुण कितीही असोत, तीन महिने पाळी चुकलेली, भोवळ येणं, आठवड्यातून एकदा तरी उलटी काढणं, गालांची सूज, बोटांच्या पेरांवर दाताचे वळ, थोड्या महिन्यांत झपाट्याने उतरलेलं वजन यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात. उलटी किंवा जुलाब असतील तर रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी बघायला सांगावं, कारण पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि हे वजन अगदी बेताचं असलेल्या मुलीतही होतं. घरच्यांना बोलवायचं झालं तर मुलीला विचारून. आईशी पहिलं बोलणं ‘ती काय खाते’ याऐवजी ‘घरात कोण कधी जेवतं, कोण वाढतं’ इथून सुरू केलं तर आईला दोष दिल्यासारखं वाटत नाही, आणि हवी ती माहिती तिच्याच बोलण्यातून मिळते.